फिनिशियन अक्षरं वाचायला शिकायचीयत? मराठी माणसाने कुठून सुरुवात करावी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी फिनिशियन लिपी (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर तीन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या फिनिशियन लोकांची) शिकायला घेतली आणि पहिले दोन महिने जवळजवळ वाया घालवले. अक्षरं फक्त २२, आपल्या मुळाक्षरांच्या निम्मी पण नाहीत, तक्ता आठवड्याभरात पाठ झाला, आणि तरी शिलालेखाचा फोटो समोर धरला की एक शब्द धड वाचता येईना. बरेच दिवस वाटत होतं की अक्षरांचं पाठांतर कच्चं आहे, म्हणून परत परत तक्ताच घोकत बसलो. गडबड तिथे नव्हतीच. आपण मराठी वाचणारे प्रत्येक व्यंजनात एक 'अ' धरूनच चालतो, आणि या लिपीत तो 'अ' नाही, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, नुसती व्यंजनं. स्वर वाचणाऱ्याने आपल्या डोक्यातून घालायचे, आणि ते घालायला त्या भाषेतले थोडे तरी शब्द आधी यावे लागतात. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आधी हे जमवून ठेवा

खर्च जवळपास काहीच नाही. चौकटीची वही, पेन्सिल, ट्रेसिंग पेपरचे दहा-बारा कागद, २२ अक्षरांचा एक तक्ता (नीट बघून घ्या, मी पहिल्यांदा उतरवलेल्या तक्त्यात अर्धी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती), मोबाईलवर नोटो सान्स फिनिशियन हा फॉन्ट, आणि तीन शिलालेखांचे मोठे, स्पष्ट फोटो: मेशाचा शिलालेख, गेझरचं कॅलेंडर आणि लेबनॉनमधल्या बिब्लोस शहराच्या अहिराम राजाची शवपेटी. पहिल्या दोघांची भाषा खरं तर फिनिशियन नाही, तिच्या सख्ख्या शेजारच्या भाषा आहेत, पण अक्षरं जवळपास तीच. फोटो असा निवडा की उजेड एका बाजूने तिरका पडलाय, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत कोरलेल्या रेघा दिसतच नाहीत.

पायरी १: डोक्यातला 'अ' काढा

तक्ता उघडायच्या आधी चार दिवस फक्त हे करा. एक मराठी वाक्य घ्या आणि त्यातले सगळे स्वर काढून नुसती पाय मोडलेली व्यंजनं लिहा. मी पहिलं वाक्य घेतलं 'मुलगा झाला'. लिहिलं म्-ल्-ग् झ्-ल्. मग खाली 'मुलगी झाली' लिहिलं. म्-ल्-ग् झ्-ल्. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या! गावाला पत्र पाठवलं असतं तर पेढे वाटायचे की बर्फी हेच कळलं नसतं. काका, काकू, काकी तिघंही क्-क्. गेला, गेली, गेले, गेलो सगळं ग्-ल्.

म्हणजे मराठीला ही पद्धत चालणारच नाही, कारण आपलं लिंग, वचन, कोण गेलं, किती जण गेले हे सगळं शब्दाच्या शेवटच्या स्वरात असतं. फिनिशियन, हिब्रू, अरामाईक, अरबी या सेमिटिक भाषांमध्ये शब्दाचा मूळ अर्थ व्यंजनांच्या सांगाड्यात असतो, बहुतेक वेळा तीन व्यंजनांच्या, आणि स्वर बदलून त्याच सांगाड्यातून वेगवेगळे शब्द काढतात. त्यामुळे त्यांना स्वर न लिहून सुद्धा भागत होतं. ही लिपी अर्धवट आहे असं पुष्कळ जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, तिच्या भाषेला ती बरोब्बर बसते.

वहीत हलन्त लिहायची सवय आत्ताच लावा. 'मलक' असं लिहिलंत की तुम्ही 'मलक' असंच वाचणार आणि तोच उच्चार डोक्यात पक्का होणार. म्-ल्-क् असं लिहा. दिसायला विचित्र आहे, पण हा एक नियम पाळला तर पुढचा महिना वाचतो.

पायरी २: आपल्याच बोलण्यातल्या शब्दांवर हात बसवा

ही पायरी मराठी माणसाला जवळपास फुकटात मिळते. फारसीच्या मार्गाने आपल्याकडे शेकड्यांनी अरबी शब्द आलेत. सलाम, सलामत, इस्लाम, मुस्लिम घ्या, सगळ्यांत स्-ल्-म् आहे, हिब्रूतला शालोम पण त्याच घरातला. हुकूम आणि हकीम या दोघांत ह्-क्-म्. अमानत आणि इमान, दोघांचं मूळ अलेफ-म्-न् (अलेफ हे तक्त्यातलं पहिलं अक्षर, त्याच्याबद्दल पायरी ३ मध्ये). आणि माझं सगळ्यात आवडतं, मालक आणि मुलूख, दोघांत म्-ल्-क्. फिनिशियनमध्ये हीच तीन अक्षरं लिहिली की अर्थ होतो राजा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर म्-ल्-क् दिसलं आणि आपल्या घरमालकाची आठवण झाली की समजा गाडी रुळावर आली.

रोज पाच शब्द घ्या, व्यंजनं वेगळी काढा, त्याच सांगाड्याचे आणखी मराठी शब्द सापडतात का बघा. एक काळजी घ्या, मराठीत येताना काही वेगवेगळे अरबी वर्ण एकच झालेत, त्यामुळे नजर आणि नजराणा हे एका मुळाचे वाटतात पण नाहीत. शंका आली तर शब्दकोशात व्युत्पत्ती बघा, अंदाजाने जोड्या लावू नका.

पायरी ३: अलेफ आणि अयिन ही दोन व्यंजनं आहेत

याला वेगळी पायरी मुद्दाम दिलीय कारण मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो. तक्त्यात पहिलं अक्षर अलेफ, समोर कुणीतरी 'अ' लिहिलेलं असतं, आपण म्हणतो चला आपला अ आला. तो अ नाहीच. अलेफ म्हणजे घसा क्षणभर बंद होऊन उघडतो तो बारीक झटका, आणि अयिन म्हणजे घशाच्या खालून दाबून काढलेला आवाज. मराठीत हे दोन्ही ऐकू येत नाहीत, म्हणून आपण त्यांच्या पुढचा स्वर तेवढा ऐकतो. अक्कल, इज्जत, उमर हे तीन शब्द बघा, आपल्याला एक अ ने, एक इ ने आणि एक उ ने सुरू होताना दिसतो, पण मूळ अरबीत तिन्हींचं पहिलं अक्षर एकच, अयिन (अरबीत त्याला ऐन म्हणतात).

रोमन लिपीतल्या पुस्तकांत ही दोन व्यंजनं कॉमासारख्या बारीक उलट-सुलट खुणांनी दाखवतात. मी तीन आठवडे त्यांना छपाईची सजावट समजून सोडून देत होतो. सोडू नका, ती अख्खी अक्षरं आहेत.

तशीच टिंबांची गोष्ट. आपण संस्कृत-मराठीच्या रोमन लेखनात टी खाली टिंब बघितलं की ट वाचतो, एस खाली टिंब म्हणजे ष, एच खाली टिंब म्हणजे विसर्ग. सेमिटिक भाषांच्या पुस्तकात त्याच खुणांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. टी खालचं टिंब म्हणजे तेत हे अक्षर, घसा आवळून म्हटलेला त, त्याचा ट शी संबंध नाही. एस खालचं म्हणजे त्सादे. एच खालचं म्हणजे हेत, घशातून घासत येणारा ह. ज्यांनी आधी संस्कृत किंवा पाली रोमनमध्ये वाचलंय त्यांनी हे तीन एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवून ठेवा.

पायरी ४: अक्षरं शब्दांतून शिका

आपल्या अंकलिपीत ग गणपतीचा, ब बदकाचा असतो, अक्षराशेजारी चित्र छापलेलं. इथे चित्र हेच अक्षर झालं. इजिप्तच्या सिनाईत सेराबित अल-खादिम म्हणून जागा आहे, फिरोजा रत्नाच्या खाणी, तिथे १९०५ साली उत्खनन करणाऱ्या फ्लिंडर्स पेट्रीला वाळूच्या दगडाचा एक छोटा स्फिंक्स मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर इजिप्शियन चित्रलिपी होतीच, शिवाय वेगळीच ओबडधोबड चिन्हं होती, घर, डोळा, काठी, फुली अशी. १९१६ मध्ये इजिप्शियन लिपीचा अभ्यासक ॲलन गार्डिनरने विचार केला की घराला त्या लोकांच्या भाषेत बेत म्हणत असतील तर त्या चित्राचा फक्त पहिला आवाज ब् घ्यायचा, डोळा म्हणजे अयिन, बैल हाकायची पराणी म्हणजे लामेद, फुलीची खूण म्हणजे ताव. जोडलं तर ब्-अयिन-ल्-त्, बअलत, म्हणजे स्वामिनी, मालकीण. आणि त्या खाणीची देवी होतीच, इजिप्शियन लोक तिला हाथोर म्हणत. त्या चार अक्षरांवरून सगळं सुटायला लागलं. एवढी शेकडो चिन्हांची इजिप्शियन लिपी समोर असताना त्या लोकांनी प्रत्येक चित्रातून एकच आवाज उचलला आणि दोन-अडीच डझन चिन्हांत काम भागवलं, मला हे दर वेळी वाचताना भारावून जायला होतं.

तर अक्षरं नावासकट आणि चित्रासकट शिका. अलेफ बैल (आडवं पडलेलं त्रिकोणी डोकं आणि त्यातून आरपार रेघ), मेम पाणी (नागमोडी रेघ आणि लांब शेपूट), अयिन डोळा (गोल), शिन दात (रोमन डब्ल्यूसारखं), रेश डोकं, काफ तळहात, वाव आकडा (रोमन वायसारखं). क्रमाने २२ पाठ करू नका. आधी ब्-न् म्हणजे मुलगा, अलेफ-ब् म्हणजे बाप, म्-ल्-क् म्हणजे राजा, ब्-त् म्हणजे घर, असे चार शब्द रोज दहा वेळा लिहा, त्यातच सहा-सात अक्षरं पक्की होतात. ब्-त् चा अर्थ मुलगी पण होतो, आणि य्-म् म्हणजे दिवस किंवा समुद्र, कुठला घ्यायचा ते वाक्यावरून ठरवायचं. मोडी वाचणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही, तिथे पण ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द सलग एका रेघेखाली असतात, संदर्भानेच वाचावं लागतं.

इथले खड्डे:
- बेत, दालेत आणि रेश तिघांनाही वर त्रिकोणी डोकं. दालेतला शेपूट नाही किंवा अगदी आखूड, रेशची सरळ खाली, बेतची खाली जाऊन डावीकडे वळते.
- मेम आणि नून दोन्ही नागमोडी, मेमला दात जास्त. झिजलेल्या दगडावर एक दात गेला की मेमचा नून होतो, मी असे दोन शब्द चुकीचे वाचलेत.
- गिमेलचा आकडा वर, लामेदचा खाली.
- ब्राह्मी येणाऱ्यांनी विशेष जपा. ब्राह्मीत अधिकचं चिन्ह म्हणजे क, इथे तसंच चिन्ह ताव, म्हणजे त. ब्राह्मीत गोल म्हणजे ठ, इथे अयिन. मी ब्राह्मी आधी शिकलो होतो, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जायचा.

पायरी ५: उजवीकडून डावीकडे

वाचन उजवीकडून. वहीत पण उजवीकडूनच लिहा, दोन दिवसांत हात वळतो. शिक्क्यांचे फोटो बघताना सांभाळा, शिक्का मातीवर उमटवण्यासाठी असल्यामुळे त्यावर अक्षरं उलटी कोरलेली असायची, काही पुस्तकांत शिक्क्याचा फोटो असतो आणि काहींत ठशाचा.

फोनवर टाईप करताना मराठी आणि फिनिशियन एकाच ओळीत घेतलं की शब्दांची जागा बदलते, कर्सर भलतीकडेच उडी मारतो. फिनिशियन वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर सरळ हाताने लिहून फोटो पाठवा. युनिकोडमध्ये ही लिपी २००६ पासून आहे, पण समोरच्याकडे फॉन्ट नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसतात.

आणि सगळ्याच व्यंजनलिप्या उजवीकडून असतात असं समजू नका. सीरियातल्या उगारितची लिपी ओल्या मातीत खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायचे, ३० चिन्हं, आणि ती डावीकडून. तिथे अक्षरं क्रमाने लिहिलेल्या मातीच्या पाट्या सापडल्यात आणि तो क्रम आपल्या अलेफ-बेतशी जवळपास जुळतो.

पायरी ६: पहिली ओळ वाचा

पहिला लेख मेशाचाच घ्या, कारण त्यात शब्दांमध्ये टिंबं आहेत. जॉर्डनमधल्या धिबानला १८६८ मध्ये हा काळा बसाल्टचा दगड उजेडात आला, इ.स.पू. नवव्या शतकातला, मोआब नावाच्या तिथल्या जुन्या राज्याच्या मेशा राजाचा. पुढच्याच वर्षी त्याच्यावरून भांडणं होऊन तिथल्या लोकांनी तो फोडला, पण त्याआधी कागदाचा एक ठसा घेऊन झालेला होता, त्यामुळे तुकडे जोडताना उरलेला मजकूर भरता आला. आज तो लूव्ह्रमध्ये आहे. फोटोत काही भाग गुळगुळीत दिसतो, तो नंतर भरलेला आहे, सुरुवातीला त्या भागावर वेळ घालवू नका.

ट्रेसिंग पेपर ठेवून पहिली ओळ उतरवा आणि टिंबाला थांबत जा:

अलेफ-न्-क् · म्-श्-अयिन · ब्-न् · क्-म्-श्… · म्-ल्-क् · म्-अलेफ-ब्

पहिला शब्द 'मी'. दुसरा मेशा. तिसरा तुम्हाला येतो, मुलगा. चौथ्यात कमोश हे त्यांच्या देवाचं नाव आहे, पुढचा भाग तुटलाय. पाचवा राजा. सहावा मोआब. 'मी मेशा, कमोश…चा मुलगा, मोआबचा राजा'. पाय मोडलेल्या अक्षरांतून हे वाक्य उभं राहिलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी झोपलेल्या बायकोला उठवून वाचून दाखवलं.

त्यानंतर ओळीच्या शेवटी ह्-द् अशी दोनच अक्षरं दिसतील आणि अर्थ लागणार नाही. घाबरू नका, शब्द तिथे संपलेला नाही, पुढच्या ओळीत य्-ब्-न्-य् आहे, दोन्ही मिळून 'दिबोनचा', म्हणजे आजच्या धिबानचा. ओळ संपली की शब्द मध्येच तोडायचा, जोडरेघ वगैरे काही नाही. हे माहीत नसल्यामुळे मी शब्दकोशात ह्-द् शोधत बसलो होतो.

मेशा जमला की गेझरचं कॅलेंडर. तळहातावर मावेल एवढा चुनखडीचा तुकडा, १९०८ मध्ये सापडला, आता इस्तंबूलला आहे, मजकूर सात ओळींचा आणि एका कडेला थोडी अक्षरं. शेतीच्या कामांचं वर्ष आहे त्यात, पीक गोळा करायचे दोन महिने, पेरणीचे दोन, उशिरा पेरणीचे दोन, जवस काढायचा एक, सातूच्या कापणीचा एक, असं करत बारा महिने पुरे होतात. य्-र्-हेत म्हणजे महिना, हा शब्द जवळपास प्रत्येक ओळीत आहे, तो आधी शोधून त्यावर खूण करा, मग बाकीचं सोपं जातं. शेवटी वाव जोडलेला असेल तिथे दोन महिने घ्यायचे. अहिरामची शवपेटी याच्या नंतर, तिची अक्षरं जुन्या वळणाची आहेत.

पायरी ७: स्वर कुठून आले ते बघा

दोन-तीन लेख झाले की लक्षात येईल की ह्, व्, य् ही अक्षरं काही शब्दांच्या शेवटी उगीच आल्यासारखी वाटतात. ती तिथे व्यंजनं नसतात, आ-ओ, ऊ, ई अशा लांब स्वरांची खूण म्हणून ठेवलेली असतात. अरामाईक आणि हिब्रू लिहिणाऱ्यांनी ही सोय वाढवली. ग्रीकांनी पुढचं पाऊल टाकलं, त्यांच्या भाषेत अलेफ, अयिन असले आवाज नव्हते, मग ती रिकामी अक्षरं त्यांनी सरळ स्वरांना देऊन टाकली, अलेफचा अल्फा झाला, अयिनच्या गोलाचा ओ झाला. रोमन ओ अजून तसाच गोल आहे, म्हणजे रोज तो डोळा टाईप करतोय आपण.

पूर्वेकडे वेगळं झालं. अरामाईक इराणच्या हखामनी साम्राज्याची कारभाराची लिपी होऊन गांधारापर्यंत आली, तिच्यापासून खरोष्ठी निघाली, तीही उजवीकडून, पण प्रत्येक व्यंजनात अ धरून आणि बाकीचे स्वर खुणेने जोडून, म्हणजे आपल्या बाराखडीसारखीच. ब्राह्मीचं मूळ अरामाईकमध्ये आहे की ती इथेच स्वतंत्र घडली यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, तेव्हा कुणी छातीठोक एकच बाजू सांगितली तर लगेच मान डोलावू नका. अशोकाचा नालासोपाऱ्याचा लेख ब्राह्मीत आहे आणि कंदाहारला १९५८ मध्ये मिळालेला त्याचाच लेख ग्रीक आणि अरामाईकमध्ये आहे. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून एकदा नक्की बघा.

पायरी ८: घराजवळ जाऊन बघा

फिनिशियन लेख बघायला बैरूत किंवा पॅरिस गाठावं लागेल, पण त्या घराण्यातल्या लिप्या महाराष्ट्रातच आहेत. कोकणात अलिबागकडे बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) लोकांच्या जुन्या दफनभूमीत मराठी आणि हिब्रू दोन्ही कोरलेले दगड आहेत, पुण्यातलं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे. हिब्रूची चौकोनी अक्षरं अरामाईकमधून आली, २२च आहेत आणि नावंही जवळजवळ तीच, त्यामुळे आठवडाभरात ओळखीची होतात. जायच्या आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा, आणि थडग्यावर कागद ठेवून घासून ठसा अजिबात घेऊ नका, फोटो पण विचारूनच काढा.

आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी. तिथे ९० नंबरच्या लेण्यात पारशी प्रवाशांनी पहलवीत (जुन्या इराणी भाषेच्या लिपीत) आपली नावं कोरून ठेवलीयत, १००९ आणि १०२१ सालची. पहलवी पण अरामाईकचीच लेक, स्वर न लिहिणारी, आणि वाचायला फिनिशियनपेक्षा खूप अवघड कारण त्यात वेगवेगळी अक्षरं एकमेकांसारखी दिसायला लागलीत, तेव्हा वाचता आलं नाही तर निराश होऊ नका. सकाळी लवकर जा, टॉर्च न्या, आणि उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका धरा.